चुलीपुढची जागा

हाताला बांधलेला पट्टा फुगायला लागला तशी गोजरबाईने डोळे मिटून घेतले, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या सारजाने तिचा चेहरा नीट निरखून पाहिला. कपाळाला आठी पडली होती. ओठ आवळले गेले होते. सारजाला त्यात नवीन काही दिसलं नाही. घरी पाहुणे आले की थोरली जाऊ असाच चेहरा करायची.

“हाताला मुंग्या येतील, मावशी,” डॉक्टर मेहरीन म्हणाल्या. “पाच मिनिटं काढा. बोलायचं नाही, हलायचं नाही.”

“ठावं हाय,” गोजरबाई म्हणाली. “मागल्या बारीलाबी आल्या हुत्या.”

“आणि शेळी व्याली का तुमची?”

“व्याली की. दोन पाटी झाल्या, दोनी माद्याच.”

बोलायचं नाही म्हणून सांगणारी डॉक्टरीणच शेळीची चौकशी करत होती. सारजाने पदर सारखा केला. शेळीला रोज पाला घालायची ती, व्यायला अडली तेव्हा तिला सोडवली तीही सारजानेच, आणि बारामतीच्या दवाखान्यात पेढ्यासारखी ती बातमी दिली गोजरबाईने.

खोली थंड होती. डॉक्टरीणबाई इंदापूरच्या, बागवानांच्या घरातल्या. वयाने तिशीच्या आतबाहेर. धुराने ज्यांचा दम गेला अशा माणसांच्या रक्तवाहिन्या कशा चालतात, आणि त्यांच्या रक्तात काय सापडतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. आजाऱ्याशी ताडून बघायला त्यांना त्याच घरातलं किंवा आळीतलं, साधारण त्याच वयाचं एक धडधाकट माणूस लागे. गोजरबाईच्या बाजूला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा तिचा मुलगा संदेश म्हणाला होता, “काकी हाय की.” त्यावर गोजरबाई घाईने म्हणाली होती, “तिला कशाला तरास?”

ही घाई सारजाने टिपून ठेवली होती. खरं बाहेर पडेल अशी भीती असल्याशिवाय माणूस एवढ्या घाईने बोलत नाही. ती तिथल्या तिथे हो म्हणाली. आज सकाळपासून तिने चहा घेतला नव्हता, मिश्रीला बोट लावलं नव्हतं. मागाहून कुणी म्हणायला नको की सारजाने लबाडी केली. थोरलीने काही तोंडात टाकलंय का, यावरही तिने घरापासून गाडीपर्यंत नजर ठेवली होती.

पट्टा सुटला. गोजरबाईच्या फिकट पडलेल्या पंजात लाली परत आली. डॉक्टरीण तिच्या कोपराच्या वर यंत्राची मूठ धरून पडद्याकडे बघत होत्या. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा, मध्ये काळा पट्टा. अडवलेलं रक्त सुटलं की शीर कशी रुंद व्हायला हवी, असं काहीसं त्या समजावत होत्या. सारजाचं लक्ष त्यांच्या दुसऱ्या हाताकडे होतं. तो गोजरबाईच्या खांद्यावर होता.

“आता तुम्ही या, मावशी.”

त्याआधी सकाळीच दोघींना नळीत फुंकायला लावलं होतं. गोजरबाई अर्ध्यावर खोकायला लागली. सारजाने मात्र एका दमात अशी फुंक मारली की डॉक्टरीण म्हणाल्या, “वा. तुमची फुप्फुसं चांगली आहेत.” ते वाक्य सारजाने पदराच्या गाठीत बांधल्यासारखं जपलं होतं. आता ती पलंगावर आडवी झाली. पट्टा आवळला, हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली. तिने चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. यात सोसण्यासारखं काही नव्हतंच, हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं. पण गोजरबाई बाहेर बाकावर बसून बिस्किट खात होती.

पट्टा सुटल्यावर डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मूठ जरा सरकवली, पुन्हा पाहिलं.

सारजाने मान वळवली. त्याच दोन रेघा, तोच काळा पट्टा.

“माझं अन् आक्काचं सारखंच दिसतंय की.”

“हो,” डॉक्टरीण पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “दिसतंय खरं. पण आत्ताच काही ठरवू नका. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, मी फोन करते.”

सारजाला जे ठरवायचं होतं ते ठरलं होतं.

*

कळसच्या अलीकडे, फाट्यापासून आत, दोन भावांचं एक घर होतं. स्लॅबचं, पुढे पडवी, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. आत ओट्यावर गॅस होता. चहा, भाजी, मुलांचा नाष्टा गॅसवर व्हायचा. भाकरी मात्र मागच्या चुलीवर. थोरले ज्ञानू, गोजरबाईचे मालक, म्हणजे सगळ्यांचे आबा, गॅसवरच्या भाकरीला हात लावत नसत; धाकटा सोमनाथ, सारजाचा नवरा, भावाच्या पानाकडे बघून जेवणारा. डाळिंबाच्या छाटणीची लाकडं, तुराट्या, पाचट असं जळण घरचंच होतं. त्यामुळे चूल बंद करावी असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सारजा लग्न होऊन आली तेव्हा त्या चुलीपुढे गोजरबाई बसलेली होती. पुढे कितीतरी वर्षं ती तिथून हलली नाही. सारजाने पाणी भरायचं, रानात जायचं, उन्हात खुरपायचं. संध्याकाळी घरी यावं तर सासरा, दीर, खुद्द तिचा नवरा थोरलीच्या हाताची तारीफ करत जेवत असत. एकदा नव्या नवलाईत तिने पिठाला हात घातला, तर गोजरबाई म्हणाली होती, “ऱ्हाऊ दे, तुला न्हाय जमायचं.” त्या दिवसापासून सारजाला ती जागा हवी होती. धूर, राख, भाजलेली बोटं यासकट हवी होती.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी गोजरबाईला श्वास घेता येईना. दवाखाना झाला, प्राणवायू लागला, घरी येताना डॉक्टरांनी धुराजवळ जायचं नाही असं बजावलं. जागा सारजाला मिळाली. मिळाली ती अशी, की कुणी म्हणालं नाही, सारजाची भाकरी बरी होते. सगळे म्हणायचे, गोजरबाईची सर नाही.

आणि गोजरबाईला पडवी मिळाली. संदेशने गादीची कॉट आणली, डोक्याशी पंखा लावला. रोज सकाळी एक उकडलेलं अंडं. ओढायच्या औषधाचा निळा पंप खिडकीत ठेवलेला असे, आणि ती तो तोंडाला लावू लागली की नातवंडं खेळ थांबवून बघत. गावातलं माणूस आलं की आधी तिच्या उशाशी बसायचं. सारजा आतून खोकली तर आबा म्हणायचे, “मिरचीचा ठसका लागला वाटतं.” गोजरबाई खोकली की पंखा बंद होई, दार लागे, कुणीतरी गरम पाणी आणे. ते पाणीही सारजानेच तापवलेलं असायचं.

आजार खोटा आहे, असं सारजा कुणाजवळ बोलली नव्हती. तिला एवढंच वाटे, की असेल थोडा. पण बाई तो पुरवून पुरवून खाते.

*

परतीच्या वाटेवर जंक्शन गावाला संदेशने गाडी थांबवली. सकाळपासून जेवण नव्हतं म्हणून दोघींना भजी घेऊन दिली.

“काय म्हनल्या डाक्टर?” त्याने विचारलं.

“फोन करत्यात म्हनल्या,” सारजा म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “पर मी पडद्यावर बघितलं. दोघींचं सारखंच हाय. त्याबी व्हय म्हनल्या.”

गोजरबाईचा घास हातात राहिला. तिने सारजाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. सारजाने ती नजर पुरेपूर भोगली. एवढ्या वर्षांत थोरलीने तिच्याकडे असं, दुसरं काही न सुचल्यासारखं, कधी बघितलं नव्हतं.

“नक्की सारखंच?” गोजरबाईने विचारलं.

“माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“बरं,” गोजरबाई म्हणाली आणि पुड्यातली उरलेली भजी तिच्यापुढे सरकवली.

रात्री जेवताना सारजाने तीच गोष्ट पुरुषांच्या पंगतीत सांगितली. आवाज न चढवता, वाढता वाढता. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“तू तर धडधाकट हायेस. मग म्हंजी ही बरी झालीच की.”

“तसंच म्हनायचं आता,” सारजा म्हणाली.

संदेश तेवढा म्हणाला, “आबा, आजून फोन यायचाय.” पण गोजरबाईनेच त्याला गप्प केलं. “ऱ्हाऊ दे रं. मला बरंच वाटतंय आताशा.”

दुसऱ्या दिवशी सारजा पाणी घेऊन मागे आली तर चूल पेटलेली होती. गोजरबाई पाटावर बसून पीठ मळत होती. तोंडाला पदर गुंडाळला होता.

“जा तू रानात,” ती म्हणाली. “झाडं खुरपायची ऱ्हायलीत न्हवं?”

सारजाने घागर ठेवली. हरलेल्या माणसाला आणखी काय बोलायचं, म्हणून ती खुरपं घेऊन निघाली.

पुढचे काही दिवस तिने डाळिंबाच्या बागेत काढले. ऊन होतं, पण वारा होता. सकाळी उठल्यावर घसा साफ करायला लागत नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं आणि विसरलंही गेलं. दुपारी घरी यावं तर आबा खुशीत असत. “किती दिसानं खरी भाकर खाल्ली,” असं ते एकदा तिच्या देखत म्हणाले. थोरली चुलीपुढून उठली तेव्हाही तीच मोठी होती, आणि परत बसली तेव्हाही तीच. रात्री पडवीतून खोकल्याचा आवाज येई. गोजरबाई उशीत तोंड खुपसून खोकत असावी. तो दबका येत होता. कुणी गरम पाणी आणायला उठत नव्हतं, कारण ती आता बरी झालेली होती.

सारजा एकदा उठून बसली होती. मग पुन्हा आडवी झाली.

*

फोन आला तेव्हा ती बागेतच होती. खुरपं खाली ठेवून तिने हात पुसले.

“सारजामावशी, जेवलात का?” डॉक्टर मेहरीन म्हणाल्या. “नीट ऐका आता. घाबरायचं नाही.”

“मी कशाला घाबरू? मला काय झालंय?”

“फुंकेत तुम्ही चांगल्या आहात. फुप्फुसाचा आजार आहे असं मी म्हणणार नाही. पण रक्त सोडल्यावर तुमची शीर जशी उघडायला हवी तशी उघडली नाही. आणि रक्तात सूज दाखवणारा आकडा असतो, तो वाढलेला आहे. एका तपासणीवर मी काही ठरवत नाही, तुम्हाला पुन्हा यावं लागेल. तोवर धूर बंद. मिश्रीही बंद.”

सारजा झाडाच्या सावलीत सरकली.

“पर माझी शीर तर आक्कासारखीच हाय की,” ती म्हणाली.

“तेच तर सांगतेय, मावशी.”

पलीकडच्या वावरात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. तो बांधापर्यंत येऊन वळेपर्यंत सारजा त्याच्याकडे बघत राहिली.

“ऐकताय ना? गोजरमावशी कशा आहेत? धुरापासून लांब ठेवलंय ना त्यांना?”

“व्हय,” सारजा म्हणाली. “पडवीत असत्यात.”

फोन ठेवल्यावर तिने खुरपं उचललं, एक वाफा पुरा केला, आणि मग ते तिथेच टाकून घराकडे निघाली. चालता चालता तिने एकदा थांबून दोन बोटांनी कोपराच्या वर दाबून पाहिलं. काही कळलं नाही. कातडीखाली रोजच्यासारखं मऊ लागलं.

मागच्या स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. ओलं जळण आलेलं असावं. गोजरबाई चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ करत होती; एक फुंक, मग किती तरी वेळ छाती धरून बसणं, मग पुन्हा एक फुंक. तव्यावर भाकरी नव्हती. परातीत पिठाचा गोळा तयार होता.

“उठा,” सारजा म्हणाली.

गोजरबाईने वर पाहिलं. धुराने डोळे लाल झाले होते. तिने सारजाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“आला व्हय फोन?”

“तुमाला कसं ठावं?”

“मला मागल्या बारीलाच सांगितलं हुतं डाक्टरनीनं. चांगल्या बाईची शीर उघडती, तुमची उघडत न्हाय, म्हनून.” तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. “तू जंक्शनला म्हनलीस, दोघींचं सारखंच. मला तवाच कळलं.”

सारजाला बसावंसं वाटलं, पण पाट एकच होता. ती जळणाच्या ढिगावर टेकली.

“मंग सांगितलं का न्हाय मला?”

“तू लई खुश हुतीस गं,” गोजरबाई म्हणाली. “लगनातबी एवढी खुश न्हव्हतीस. म्हनलं, खाऊ दे हिला चार घास सुखानं.”

सारजाला राग आला. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण जिंकलो आणि ही निमूट येऊन बसली. आणि ही बाई त्या भज्यांच्या पुड्यापाशीच पुढे निघून गेली होती. सारजालाच धुरातून बाहेर काढायला चुलीपुढे येऊन बसली होती. तेही न बोलता, उपकाराचा शब्दही ऐकू न देता. सारजाने पुढे होऊन तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

“उठा म्हनते ना. तुमाला डाक्टरनं धूर बंद केलाय.”

“आन् तुला?”

“मला फुंकेत चांगलं हाय म्हनल्या.”

“तेच म्हनते मी. तुझं आजून व्हायचंय, माझं झालंय. झालेल्यानं बसावं.”

“सगळं तुमीच करायचं का?” सारजाचा आवाज फाटला. “आधी चूलबी तुमची. मग आजारबी तुमचा. आन् आता हेबी तुमचंच?”

गोजरबाई हसायला गेली, आणि हसण्यातून खोकला निघाला. तो थांबेना. सारजा उठली, तिच्या पाठीवर हात ठेवला; चोळावं की थोपटावं हे तिला कळेना, कारण हे काम आजवर दुसरं कुणीतरी करत आलं होतं. पदराखाली पाठीची हाडं लागत होती. प्रत्येक उबळीला ती हाताखाली वर येत होती. थोड्या वेळाने उबळ ओसरली, तरी तिने हात काढला नाही.

“पंप आनू?” तिने विचारलं.

“आनशील मागनं. बस जरा.”

गोजरबाई पाटावर एका बाजूला सरकली. उरलेल्या जागेत सारजा मावत नव्हती, तरी बसली. दोघींच्या मध्ये फुंकणी आडवी पडली होती. चुलीतलं ओलं लाकूड थोडा वेळ फसफसलं, मग त्याच्या टोकाला लाल ठिपका राहिला, मग तोही राखेत गेला. धूर पत्र्याच्या फटीतून हळूहळू बाहेर जाऊ लागला. परातीतल्या पिठाला वरून पापुद्रा धरायला लागला होता.

पडवीत पाट मांडल्याचा आवाज आला. तांब्या ठेवला गेला. मग आबा खाकरले.

“अगं ए, भाकरी टाकली का?”

हाक कुणाला होती ते कळायला मार्ग नव्हता. आणि एका घरात इतकी वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच दोघी ती दुसरीला आहे असं धरून पाटावर बसून राहिल्या.